ओहायोतला चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता हाती आहे, माणूस कसा शोधायचा?

मुग्धा_ऑस्टिन

बाबांच्या एका मित्राला शोधतेय. दोघं मुंबईत यूडीसीटीला, म्हणजे विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात, एका वर्गात होते. काका १९७१ मध्ये पॉलिमरमध्ये एमएस करायला अ‍ॅक्रनला आले आणि पुढे तिथेच टायर कंपनीत लागले. कुठल्या कंपनीत, ते बाबांना धड आठवत नाही. सकाळी गुडइयर म्हणतात, संध्याकाळी फायरस्टोन. पत्रं १९८६ च्या सुमारास थांबली. भांडण-बिंडण काही नाही, नुसतं राहून गेलं. बाबा सध्या माझ्याकडे ऑस्टिनला आलेत आणि रोज विषय काढतायत.

हाताशी एक जुनं पाकीट आहे. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता: घर नंबर, रस्ता, कायाहोगा फॉल्स, ओहायो. आडनाव इथे लिहीत नाही, 'व'नं सुरू होतं एवढंच सांगते. काकूंचं नाव बाबांना ठाऊक नाही. त्यांच्या लेखी त्या 'वहिनी'.

कायाहोगा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) साइटवर घरमालकाच्या नावानं शोधलं. त्या आडनावाची दोन घरं निघाली, पण दोन्ही कुटुंबं तरुण आहेत, आपली नव्हेत. फेसबुक, लिंक्डइनवर काका नाहीत. काउंटीच्या कागदपत्रांतून माणूस सापडतो असं ऐकते. नक्की कुठल्या कागदात बघायचं?

झटपट

एवढा खटाटोप कशाला? पैसे घेऊन माणसं शोधून देणाऱ्या साइट ढिगानं आहेत. वीस-पंचवीस डॉलर भरा, पाच मिनिटांत पत्ता, फोन, नातेवाईक सगळं समोर.

लीलाताई

मुग्धा, कायाहोगा फॉल्स हे गाव कायाहोगा काउंटीत नाही. नदीचं नाव दोघांनी घेतलंय, पण गाव समिट काउंटीत येतं, अ‍ॅक्रनला लागून. कायाहोगा काउंटी म्हणजे क्लीव्हलँड. नवा माणूस हमखास तिथेच जातो.

मी ओहायोत नोकरीची सगळी वर्षं टायटल सर्च केलाय. घर विकलं जाण्याआधी त्याचे जुने सगळे कागद वाचून, मालकी स्वच्छ आहे की कुणाचा बोजा राहिलाय ते सांगायचं, हे आमचं काम. माणसं शोधणं हे काम नव्हे, पण कागद वाचता वाचता माणसं सापडतातच.

झटपट म्हणतात त्या साइट हेच कागद गोळा करून विकतात, आणि आपल्या नावांचा त्यात पार चुराडा होतो. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे त्यांच्या यंत्राला कळत नाही. बाप आणि मुलगा एक होतात, एकच बाई दोन होते. शिवाय १९८६ च्या माणसाबद्दल त्यांच्याकडे फार काही असेल असं मला वाटत नाही.

आता तू काय कर. नावानं शोधू नकोस, पत्त्यानं शोध. काका आजचे मालक नसतील तर मालकांच्या यादीत नावानं ते दिसणारच नाहीत. घर मात्र जागचं हलत नाही. ओहायोत बहुतेक काउंट्यांत मालमत्तेची नोंद ऑडिटरकडे, खरेदीखतं रेकॉर्डरकडे आणि कर ट्रेझररकडे असतो. समिटमध्ये ही तिन्ही खाती फिस्कल ऑफिसखाली आहेत. त्यांच्या साइटवर रस्ता आणि घर नंबर टाक. पार्सल नंबर, म्हणजे त्या जमिनीच्या तुकड्याचा नंबर, मिळेल आणि त्याखाली हस्तांतरांची यादी, म्हणजे कोणी कोणाला कधी विकलं. त्यात मागे मागे जात काकांच्या नावाशी थांब.

यादीत ते दिसलेच नाहीत तर बहुधा भाड्यानं राहत होते. मग हा रस्ता तिथेच संपतो, कारण भाडेकरूचं खरेदीखत नसतं. दिसले, तर त्यांनी घर *विकलं* त्या वेळच्या खताची पूर्ण प्रत मागव. लोक घेतल्याचं खत बघतात. तुला विकल्याचं हवंय. त्यात या गोष्टी बघ.

पहिलं, बायकोचं नाव. ओहायोत डॉवर नावाचा जुना हक्क आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोनं सही करून तो हक्क सोडल्याशिवाय विक्री स्वच्छ होत नाही. त्यामुळे तुमच्या वहिनींचं पूर्ण नाव तिथे सहीनिशी असणार.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं, नोटरीचा मजकूर. सहीच्या खाली 'अमुक राज्य, तमुक काउंटी' असं छापलेलं असतं. ती घराची काउंटी नव्हे, सही जिथे झाली ती. विकणारा आधीच गाव सोडून गेला असेल तर तो नव्या गावातल्या नोटरीसमोर सही करतो आणि कागद टपालानं येतो. म्हणजे माणूस कुठे गेला ते तिथे लिहिलेलं असतं. ऑनलाइन इंडेक्समध्ये ही ओळ दिसत नाही, त्यासाठी मूळ कागदाचं चित्रच हवं. जुनं असेल तर साइटवर चित्र नसेल, पण ऑफिसातून प्रत मिळते. पानामागे एक-दोन डॉलर.

करासाठीचा पत्ताही खतात असतो, पण तो घेणाऱ्याचा असतो. त्याच्या मागे लागू नकोस.

इंडेक्समध्ये बघताना विकणारा ग्रँटर आणि घेणारा ग्रँटी. 'व' कुणी व्हीनं लिहितं, कुणी डब्ल्यूनं, आणि टंकणारा क्लार्क तिसरंच काही लिहितो. पूर्ण नाव टाकू नकोस, आडनावाची पहिली चार अक्षरं टाक.

हार्टफर्डकर

पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी: सगळीकडे काउंटीतच जाऊ नका. आमच्या कनेक्टिकटमध्ये काउंटी सरकारं १९६० मध्येच बंद झाली. इथे खरेदीखतं टाउन क्लार्ककडे असतात, आणि टाउन १६९ आहेत. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी (म्हणजे विभागांपैकी) चारांची खतं शहराच्या एक्रिस या साइटवर १९६६ पासूनची घरबसल्या बघता येतात, स्टेटन आयलंडसाठी मात्र रिचमंड काउंटी क्लार्क.

पूर्वा

मला हे वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं. मुग्धाचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मी कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी चालणाऱ्या हेल्पलाइनवर काम करते. आमच्याकडच्या बायकांना शोधणारे नवरेही 'जुनी ओळख आहे हो' असंच म्हणतात.

१९८९ मध्ये लॉस एंजेलिसला रेबेका शेफर या अभिनेत्रीचा तिच्या घराच्या दारात खून झाला. खुन्यानं खासगी गुप्तहेराला पैसे देऊन तिचा पत्ता डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन परवाना खात्याच्या, नोंदींतून काढला होता. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि वाहनचालकांच्या नोंदी अशा सहज मिळणं थांबलं. घरांच्या नोंदी मात्र उघड्याच आहेत. त्या का उघड्या असाव्यात, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

लीलाताई

पूर्वा, प्रश्न रास्त आहे.

घर विकत घेणाऱ्याला आणि त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेला, विकणारा खरा मालक आहे का हे कळायला हवं. त्यासाठी नोंद आहे. खत केलं पण नोंदवलं नाही, आणि त्याच माणसानं तेच घर दुसऱ्याला विकलं, तर ज्याला पहिल्या व्यवहाराची कल्पनाच नव्हती तो दुसरा जिंकू शकतो आणि पहिला हात चोळत बसतो. नोंद म्हणजे साऱ्या जगाला दिलेली सूचना. ती कुलपात ठेवली तर सूचना कसली?

पण पूर्वी ही सूचना वाचायला तळघरात उतरून जाडजूड वह्या चाळाव्या लागायच्या आणि काउंटरवरची बाई तुमचं तोंड बघायची. आता रात्री दोन वाजता कुणीही कुठूनही बघतो. कायदा तोच आहे, अडथळा गेला. तुझी भीती मला तिथे पटते.

काही बंदोबस्त झालेत. वॉशिंग्टन राज्यानं १९९१ मध्ये पत्ता गुप्त ठेवण्याची योजना आणली, मग इतर राज्यांनी. ओहायोतली 'सेफ अ‍ॅट होम' त्यातलीच. न्यू जर्सीत एका न्यायाधीशबाईंच्या मुलाला घरी येऊन मारल्यावर २०२० मध्ये डॅनियल्स लॉ झाला, न्यायाधीश आणि पोलिसांचे पत्ते झाकण्यासाठी. कॅलिफोर्नियात कित्येक काउंट्यांच्या साइट मालकाचं नावच दाखवत नाहीत.

मुग्धा, तू माणूस सापडल्यावर पत्ता इथे लिहायचा नाहीस. आडनाव दिलं नाहीस ते उत्तम केलंस.

मुग्धा_ऑस्टिन

लीलाताई, सापडलं! म्हणजे निम्मं तरी.

पत्त्यावरून पार्सल लगेच मिळालं. काकांनी घर १९७९ मध्ये घेतलं आणि १९९३ मध्ये विकलं. खताचं चित्र ऑनलाइन नव्हतं म्हणून प्रत मागवली, ती आज आली. वहिनींचं नाव आहे (बाबा म्हणाले, "हो की, हेच!", जणू इतके दिवस तेच सांगत होते). आणि नोटरीच्या खाली टेनेसी राज्य, डेव्हिडसन काउंटी.

डेव्हिडसन म्हणजे नॅशव्हिल. पण अ‍ॅक्रनचा रबरवाला नॅशव्हिलला काय करणार?

लीलाताई

म्हणजे फायरस्टोन. बाबांची संध्याकाळची आठवण खरी. १९८८ मध्ये ब्रिजस्टोननं फायरस्टोन विकत घेतली आणि १९९२ मध्ये मुख्यालय नॅशव्हिलला गेलं. त्या वर्षांत अ‍ॅक्रनमधून इतकी घरं विकली गेली की खतांवर टेनेसीचे शिक्के बघून आम्हाला नवल वाटेनासं झालं. जनरल टायरची माणसं शार्लटला गेली, त्यांच्या खतांवर नॉर्थ कॅरोलायना.

आता नॅशव्हिलला तेच पुन्हा. टेनेसीत खतं 'रजिस्टर ऑफ डीड्स'कडे आणि मालकांची यादी प्रॉपर्टी असेसरकडे. टेनेसीच्या कम्प्ट्रोलरच्या (राज्याचे हिशेब बघणारा अधिकारी) साइटवर राज्यातल्या बहुतेक काउंट्या एकत्र बघता येतात, पण डेव्हिडसनची साइट वेगळी आहे. या वेळी वहिनींच्या नावानंही शोध. नवऱ्याचं नाव अमेरिकनांनी तोडून 'व्हिक' नाहीतर 'बॉब' केलेलं असतं, बायकांची नावं बरीचशी शाबूत राहतात.

मुग्धा_ऑस्टिन

१९९२ मध्ये दोघांच्या नावावर घर घेतलंय. २०११ मध्ये त्यांनी ते स्वतःच कुणाला तरी देऊन टाकलंय, किंमत जवळजवळ काहीच नाही. घेणाऱ्याच्या जागी 'फॅमिली रिव्होकेबल ट्रस्ट'. आजही मालक तो ट्रस्टच. आणि कराचं बिल जातं नॉर्थ कॅरोलायनात, वेगळ्याच पत्त्यावर. याचा अर्थ काय? काका हयात आहेत का? प्रोबेट कोर्टात त्यांच्या नावानं काहीच नाही, म्हणजे हयातच ना?

लीलाताई

एवढ्यावरून नाही म्हणता येत. प्रोबेट म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या स्वतःच्या नावावर राहिलेल्या गोष्टींची वाटणी. रिव्होकेबल ट्रस्ट म्हणजे मालकाला हयातीत हवा तेव्हा मोडता येणारा ट्रस्ट. घर त्यात घालतात ते मुळात प्रोबेट टाळायलाच. त्यामुळे प्रोबेटमध्ये फाइल सापडली असती तर माणूस गेला हे कळलं असतं, शिवाय वारसांची नावं-पत्तेही त्यातच मिळाले असते. फाइल नाही, याचा अर्थ काहीच नाही.

नॅशव्हिलच्या वर्तमानपत्रात आणि फ्युनरल होमच्या साइटवर दोघांच्या नावानं निधनवार्ता बघ. बाबांना शेजारी बसवून बघू नकोस.

करपत्त्याचा अर्थ मात्र मला लागतो. टपाल कोण उघडतं ते तो सांगतो. वय झाल्यावर एकतर आईवडील मुलांजवळ राहायला जातात आणि जुनं घर भाड्यानं देतात, नाहीतर आईवडील तिथेच राहतात आणि बिलं मुलगी किंवा मुलगा बघतो. दोन्हीत नॉर्थ कॅरोलायनाचा पत्ता जिवंत आहे. बिल तिथे पोचत नसतं तर ते घर एव्हाना थकबाकीच्या यादीत आलं असतं.

मतदारयादीच्या फंदात पडू नकोस. तिचा नियम दर राज्यात निराळा, काही ठिकाणी ती फक्त राजकीय कामासाठीच देतात, आणि काकांनी नागरिकत्व घेतलं की नाही हेही तुला माहीत नाही.

झटपट

मग आता फोन नंबर काढून लावा की फोन!

पूर्वा

फोन नको, दारात जाणं तर नकोच. पत्र लिहा. ज्याला बोलायचं नसेल त्याला गप्प बसता आलं पाहिजे. अनोळखी फोन उचलल्यावर ते जमत नाही.

लीलाताई

पूर्वाशी सहमत. आणि पत्र बाबांनी लिहावं, मराठीत, स्वतःच्या हातानं. वर तुझी इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी जोड, कारण पाकीट बहुधा पुढची पिढी फोडणार. चिठ्ठीत लिही: मी कोण, बाबा कोण, यूडीसीटी, अ‍ॅक्रनचं जुनं पाकीट, आणि पत्ता काउंटीच्या करनोंदीतून मिळाला. ते लपवू नकोस, नाहीतर पहिली शंका तीच येते. पैशांचं किंवा घराचं अक्षरही नको. ट्रस्टचा उल्लेख नको. हल्ली घर विकत मागणाऱ्यांची पत्रं अशीच येतात आणि न उघडता टोपलीत जातात, म्हणून पाकिटावर पत्ता हातानं लिही.

पाकिटावर तुझ्या पत्त्याखाली 'रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड' असं लिही. फर्स्ट क्लासला त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ते लोक तिथून हलले असतील तर पाकीट पुढे न जाता तुझ्याकडे परत येतं, आणि पोस्टाकडे नवा पत्ता असला तर तो चिकटवलेला असतो.

मुग्धा_ऑस्टिन

निधनवार्ता दोघांचीही कुठे नाही. बाबांनी काल रात्री बसून सहा पानं लिहिली. मी म्हटलं एवढं कोण वाचणार, तर म्हणाले तो वाचेल. लीलाताई, सहा पानांना एक तिकीट पुरतं का?

लीलाताई

साधा कागद असेल तर चार पानं आणि पाकीट मिळून एक औंस. तुझी चिठ्ठी धरून दोन औंस होतील. जास्तीचं तिकीट लाव.