स्वस्तातले टीव्ही गेम : ज्यांनी घेतलेत त्यांनी अनुभव सांगा

चवथीला भाचे येणार आहेत. टीव्हीच्या मागे खोचायची ती पेनड्राइव्हएवढी गेम स्टिक घ्यावी म्हणते. खोक्यावर ‘१०,००० गेम, ४के’ असं असतं, सोबत दोन बिनवायरचे रिमोट. वापरलेल्यांनी खरं खरं सांगा. – पणजीहून

फोंडा : आकड्यावर जाऊ नका. एकच गेम जपानी, अमेरिकी, युरोपी अशा आवृत्त्यांत पुन्हा पुन्हा भरलेला असतो. लेकीला आणि मला मनापासून खेळावेसे वाटले ते तीसेक. तेवढेही पुरतात म्हणा. ४के नुसतं नावाला, चित्र जुनंच मोठं करून दाखवतात.

खरी काळजी मेमरी कार्डाची. ऐन पावसात वीज गेली, आली, आणि पडदा काळाच राहिला. स्टिक धड होती, आतलं बिननावाचं कार्ड मेलं होतं, आणि सगळे गेम त्याच्यावरच. म्हणून आणल्या दिवशीच लॅपटॉपवर पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढा आणि चांगल्या कार्डावर उतरवा. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर पुष्कळदा सुरूच होत नाही. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर मध्येच बंद पडत असेल तर मोबाइलच्या चार्जरवर लावून बघा.

मडगाव : उडीचं बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो, खड्ड्यात पडतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केल्यावर बराच फरक पडला.

म्हापसा : बोडगेश्वराच्या जत्रेत बंदूकवाला जुन्या धाटणीचा गेमचा डबा घेतला, पिवळी-पांढरी-लाल पिन असलेला. बदकं मारायच्या गेममध्ये आमच्या एलईडीवर एकही बदक पडेना. पोरगा रडकुंडीला आला. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं, नव्या टीव्हीत चित्र थोडं मागे राहतं. मामाकडच्या माळ्यावरचा जुना टीव्ही खाली काढला, धूळ पुसली, जोडला. पहिल्याच गोळीला बदक पडलं!

डिचोली : आपल्या लहानपणचे बहुतेक टीव्ही गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३च्या फॅमिकॉम या गेम कन्सोलच्या नकला. आताच्या स्टिकांतही गेम सहसा विनापरवानाच भरलेले असतात, हे घेताना माहीत असावं. निन्टेन्डोने २०१६मध्ये स्वतःचा छोटा कन्सोल काढला, त्यात ३०च गेम होते.

साखळी : पावसाळ्यात रिमोटमधले सेल काढून ठेवा. आमच्या एका रिमोटची स्प्रिंग हिरवी पडली होती, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून वाळवली तेव्हा चालला. बाकी मला तक्रार नाही. भाऊ दुबईहून आला होता. आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत ‘कॉन्ट्रा’ हा गोळीबाराचा गेम खेळलो. लहानपणी कॅसेट फुंकून लावायचो, तेव्हा वरचा (पहिल्या खेळाडूचा) रिमोट त्याचा आणि खालचा माझा असायचा. या वेळी त्याने न विचारता वरचा माझ्या हातात दिला.