चोर्ला घाट चढताना गाडी तापते, पांढरा धूर

डिचोली ते बेळगाव महिन्यातून दोनदा जातो. डिझेल गाडी, 1 लाख 30 हजार किमी. चोर्ल्याच्या वळणांवर काटा लाल पट्टीला टेकतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आठवड्याला अर्धा लिटर गायब, खाली थेंबही नाही. मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलून 1,800 रुपये घेतले, फरक शून्य!

» धूर कधी? पावसाळ्यात सकाळी थोडी वाफ येतेच, तिला घाबरू नका.

» इंजिन तापल्यावरही येतो, वास गोडसर. तेलाच्या झाकणाला आतून चहावरच्या सायीसारखं काहीतरी लागलंय.

» दमट हवेत, छोट्या फेऱ्या मारल्या तरी तशी साय धरते. पण गोड वास आणि कूलंट गायब म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्या खालची सील) गेलं, बाब. आता घाट नको. कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड उतरवलं की लेथवाल्याकडे सपाट आहे का ते बघायला लावाच. माझ्या वेळी फोंड्यात नुसतं गॅस्केट बदललं, तीन महिन्यांत पुन्हा तेच. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या मनगटावर डाग आहे अजून.

» उद्या टो करून नेतो. बायको म्हणते, बस बरी.