सीसीडी उजळतो, पण हे बीटाट्रॉन (प्लाझ्मात डोलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे क्ष-किरण) आहे का?

लेझरने गॅसच्या झोतात प्लाझ्मा करून इलेक्ट्रॉनांना वेग देण्याच्या प्रयोगावर निर्वात, अक्षरेखा आणि घनतामापी या तिघांची ही चर्चा.

निर्वात: लेझर ८०० नॅनोमीटर, ३० फेम्टोसेकंद, जेटवर १ ज्यूल. ३ मिमी हेलियम जेट, इलेक्ट्रॉन घनता घन सेंमीला ५×१०¹⁸. लॅनेक्सवर (इलेक्ट्रॉन आदळले की चमकणारा पडदा) इलेक्ट्रॉन २०० एमईव्हीपर्यंत (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) दिसतात. अक्षावर एक्स-रे सीसीडी (क्ष-किरण टिपणारा कॅमेरा), त्यापुढे लेझर अडवायला १५ मायक्रॉन अॅल्युमिनियम फॉइल. चित्र दर शॉटला उजळतं, पण वर २५ मायक्रॉन तांबं लावलं तरी फारसं कमी होत नाही. इलेक्ट्रॉन बाजूला वळवणारा चुंबक ०.७ टेस्ला, २० सेंमी.

अक्षरेखा: मग ते बीटाट्रॉन नाही, निदान बहुतांश नाही. γ (इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या किती पट) = ४००, दोलनाचा विस्तार १ मायक्रॉन धरा. ५.२४×१०⁻²¹ × γ² × घनता × विस्तार, म्हणजे क्रिटिकल ऊर्जा (स्पेक्ट्रम साधारण कुठवर पोचतो त्याचं माप) साधारण ४,२०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ४.२ केईव्ही. तांब्यामागे सिग्नल कित्येक पटींनी पडायलाच हवा.

आधी गॅस बंद करून शॉट मारा. तरी उजळला तर फॉइलच्या भोकांतून लेझर शिरतोय; फॉइल जेटपासून मीटरभर तरी मागे न्या. गॅस बंद केल्यावर अंधार झाला, तर संशय ब्रेम्सस्ट्रालुंगवर (इलेक्ट्रॉन पदार्थावर आदळून थांबताना निघणारे गॅमा). तुमच्या चुंबकात २०० एमईव्हीचे इलेक्ट्रॉन जेमतेम १२ अंश वळतात आणि पुढे चेंबरच्या भिंतीवर आदळतात. ५० एमईव्हीच्या खालचे तर योकवरच (चुंबकाची लोखंडी चौकट). डंपमध्ये (इलेक्ट्रॉन अडवणारा ठोकळा) आधी प्लॅस्टिक किंवा अॅल्युमिनियम, मागे शिसं. थेट शिशावर बीम सोडला की गॅमा वाढतात, आणि ही चूक सर्रास होते.

खात्रीची चाचणी सावलीची: फॉइलच्या मागे ५० मायक्रॉनची टंगस्टन तार लावा. बीटाट्रॉनचा स्रोत एक-दोन मायक्रॉनचा, त्यामुळे तारेची कड धारदार उमटते. भिंतीवरून येणारे गॅमा सगळीकडे नुसते पांढरे ठिपके टाकतात.

घनतामापी: डंपचं पटलं. पण जेटही लांब वाटतो. a₀ (लेझरच्या तीव्रतेचं माप) = २ धरला तर या घनतेला डीफेझिंग (इलेक्ट्रॉन प्लाझ्मा लाटेच्या वेग देणाऱ्या भागातून पुढे निसटणं) दीड-पावणेदोन मिलिमीटरवरच होतं; पुढे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात. २ मिमी नोझल लावून बघा. घनता बॅकिंग प्रेशरवरून (नोझलमागचा गॅसचा दाब) काढू नका, प्रोब बीमने (मोजणीसाठी आडवा सोडलेला दुसरा लेझर किरण) इंटरफेरोग्राम, म्हणजे व्यतिकरण पट्ट्यांचं चित्र, घ्या.

अक्षरेखा: एवढ्यात नोझल बदलू नका. डीफेझिंगनंतर इलेक्ट्रॉन लेझरच्या शेपटीत शिरले तर दोलन वाढून क्ष-किरण वाढूही शकतात. त्याआधी हेलियममध्ये १% नायट्रोजन मिसळा. त्याच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन लेझरच्या शिखराशीच सुटतात, त्यामुळे चार्ज (बीममधल्या इलेक्ट्रॉनांचा एकूण भार) वाढतो आणि शॉटागणिक चढउतार कमी होतो. ऊर्जेचा पट्टा रुंदावेल; बीटाट्रॉनचा स्पेक्ट्रम मुळातच रुंद, त्यामुळे इथे ते चालतं.