मदत हवी आहे: शिष्यवृत्तीच्या अर्जातलं निवेदन आणि दुसरं शिफारसपत्र

बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतेय. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र तयार आहे. अडलंय ते ५०० शब्दांच्या निवेदनावर. पहिला खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "हे शिक्षकदिनाचं भाषण वाटतंय." खरंच होतं तिचं! दुसऱ्यात सराव पाठाचा एकच प्रसंग घेतला: अपूर्णांक शिकवताना गप्प बसलेला वर्ग, मग कागदाच्या घड्या घातल्यावर मागच्या बाकावरून आलेला प्रश्न. पण त्यात आर्थिक गरज राहूनच गेली. दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती मिळत नाही. गरजेबद्दल निवेदनात लिहावं की दाखला पुरे? आणि दुसरं शिफारसपत्र सराव शाळेतल्या मार्गदर्शक बाईंचं चालतं का, नियमावलीत फक्त 'शैक्षणिक संदर्भ' म्हटलंय?