मदत हवी आहे: खिंड ओलांडणाऱ्या घोडदळाच्या दाणावैरणीचा हिशेब

फँटसी फॅनफिक्शनमध्ये (मूळ कथेवर चाहत्याने बेतलेल्या नव्या कथेत) ५०० घोडेस्वार बर्फाळ खिंड ओलांडतात. मूळ कथेत ते नुसते दौडतात. चारा कुठून येतो, देव जाणे! घोड्याला रोज साधारण १० किलो दाणावैरण आणि ३० लिटर पाणी लागतं. ओझ्याचा घोडा १०० किलोच्या आसपास वाहतो. म्हणजे वाटेत गवत नसेल, तर दहा दिवसांत पाठीवरचं सगळं तो स्वतःच फस्त करतो. वजन वाचवायला वैरण कमी करून दाणा एकदम वाढवला, तर पोटशूळ उठतो. बैलगाड्यांनी वेग मंदावतो.

वीरकाव्यांतले आकडे फुगवलेले, त्यांवर भिस्त नको. रेल्वेपूर्व काळातल्या रसदीच्या हिशेबवह्या किंवा छावणीच्या रोजनिशा छापील स्वरूपात कुठे मिळतील? आणि खिंडीच्या पायथ्याशी कोठार भरायला माणसं किती आधी पाठवत?