चोपन्न मिनिटांनी एकदा स्पंदणारी वस्तू न्यूट्रॉन ताराच आहे, हे कशावरून?

मुलुंडकर

नमस्कार. मी मुलुंडच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ताऱ्यांच्या अखेरच्या अवस्था शिकवताना पल्सर, म्हणजे स्पंदक, यांचा विषय निघतो. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद सापडले आणि ते वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिशय घन गाभ्याचे, निघाले, इथपर्यंत सांगताना अडचण येत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र १८, २२ आणि ५४ मिनिटांच्या अंतराने स्पंदणाऱ्या वस्तू सापडल्या आहेत, आणि बातम्यांत त्यांना सरसकट विचित्र न्यूट्रॉन तारे म्हटलेले असते. वर्गातल्या एका मुलीने विचारले, की इतक्या सावकाश फिरणारा तारा न्यूट्रॉन ताराच आहे हे कशावरून ठरवले? मला तिला अर्धवट उत्तर द्यायचे नाही. शिवाय, या वस्तू आकाशात पूर्वीपासून असतील तर त्या पन्नास वर्षे कोणाला दिसल्या कशा नाहीत, हेही जाणकारांनी सांगावे.

गिरगावकर

तुमच्या विद्यार्थिनीने अगदी मुळाला हात घातला आहे. न्यूट्रॉन ताऱ्याची ओळख पटली तीच मुळी त्याच्या वेगामुळे. स्पंदक सापडले तेव्हा ते श्वेतबटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा अखेरीस उरणारा, न्यूट्रॉन ताऱ्याहून कमी घन गाभा) असावेत की न्यूट्रॉन तारे, याबद्दल खरोखरच मतभेद होते. फिरणारा गोल फार वेगाने फिरू लागला तर त्याच्या विषुववृत्तावरचे द्रव्य सुटून जाते, आणि ही वेगमर्यादा गोलाच्या घनतेवर अवलंबून असते. श्वेतबटू कितीही वेगाने फिरला तरी एका फेरीला त्याला सेकंदाच्या आसपास वेळ लागतोच, त्यामुळे १.३३७ सेकंद या आकड्याने निकाल लागत नव्हता. १९६८ साल संपण्याआधी वेला तारकासमूहातला ८९ मिलिसेकंदांचा आणि क्रॅब तेजोमेघातला ३३ मिलिसेकंदांचा स्पंदक सापडला, आणि श्वेतबटू बाद झाला. पुढे क्रॅबचा स्पंदक हळूहळू मंदावत असल्याचे दिसले. थॉमस गोल्ड यांनी हे मंदावणे आधीच वर्तवले होते. परिवलनातून जाणारी ही ऊर्जा भोवतालचा तेजोमेघ उजळत ठेवण्यास पुरेशी आहे, हेही हिशेबाने जुळले.

आता ५४ मिनिटांकडे या. हा पुरावा इथे उरतच नाही, कारण इतक्या सावकाश श्वेतबटूही सहज फिरू शकतो, किंवा दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले तरी तेवढाच काळ मिळू शकतो. त्यात ऊर्जेची अडचण आहे. परिवलनाची ऊर्जा कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वस्तुमान आणि आकार तेच धरले, तर ५४ मिनिटांच्या ताऱ्याकडे ही ऊर्जा क्रॅबच्या तुलनेत नऊशे कोटी पटींहूनही कमी असते. हे गणित दहावीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल, आणि अवश्य करून घ्यावे, असे मला वाटते. तारा मंदावतो तसे त्याच्या ध्रुवांजवळचे विद्युत क्षेत्र दुबळे होते, ज्यांच्यामुळे रेडिओ स्पंद निघतात त्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होईनाशा होतात आणि रेडिओ स्पंद थांबतात. आलेखावर ही सीमा दाखवणाऱ्या रेषेला मृत्युरेषा म्हणतात.

२०२२ साली जाहीर झालेली १८ मिनिटांची वस्तू जेवढी रेडिओ ऊर्जा बाहेर टाकत होती, तेवढी तिच्या मंदावण्यातून मिळूच शकत नव्हती. ती न्यूट्रॉन तारा असेल तर ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येत असली पाहिजे. अशा ताऱ्यांना मॅग्नेटार म्हणतात. त्यांची कल्पना डंकन आणि थॉम्पसन यांनी १९९२ साली मांडली आणि १९९८ साली क्रिसा कुवेलिओतू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या निरीक्षणांतून तिला भक्कम आधार दिला. पण परिचित मॅग्नेटार साधारण २ ते १२ सेकंदांत एक फेरी घेतात. फेरीचा हा काळ मिनिटांवर कसा जातो, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

बोरिवली_पूर्व

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्पंदक शोधण्याची रूढ पद्धत अशी, की आकाशाच्या एका भागाकडे काही मिनिटे ते अर्धा तास पाहायचे आणि त्या नोंदींत ठरावीक अंतराने परत येणारा संकेत गणिताने हुडकायचा. त्यासाठी त्या अवधीत पुष्कळ स्पंद यावे लागतात. ५४ मिनिटांचा तारा तेवढ्या वेळात एकदा चमकेल किंवा अजिबात चमकणार नाही. शिवाय नोंदींतले सावकाश चढउतार यंत्रांमुळे किंवा माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ गोंगाटामुळे आले असे गृहीत धरून ते आधीच वजा केले जात. गोंगाट काढण्याची चाळणी आवश्यकच होती, पण तिच्यातून धान्यही गळून जात होते.

उलट टोकालाही हेच घडले होते. फार जलद स्पंद नोंदणीतच एकमेकांत मिसळून जात, आणि १९८२ साली अरेसिबोच्या दुर्बिणीवर डॉन बॅकर आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम वेगवान नोंदणी केली तेव्हाच १.५५८ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक हाती लागला. त्या शोधात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी सहभागी होते आणि ते तेव्हा विद्यार्थी होते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

पुढे २००६ साली पार्क्सच्या दुर्बिणीच्या नोंदींत नियमितपणाचा आग्रह सोडून सुटे स्पंद शोधले गेले, तेव्हा ११ नव्या वस्तू मिळाल्या, आणि त्यांचे दिवसभराचे सगळे स्पंद मिळून एक सेकंदही भरत नव्हता. मीरकॅट दुर्बिणीला २०२० मध्ये असाच एक सुटा स्पंद दिसला आणि त्यातून ७६ सेकंदांचा न्यूट्रॉन तारा उलगडला. १८ मिनिटांची वस्तू तर ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीच्या २०१८ सालच्या नोंदींत होती, आणि ती शोधणारी पद्धत पदवीच्या एका विद्यार्थ्याने विकसित केली होती. त्यात आकाशाची वेगवेगळ्या वेळची चित्रे एकमेकांतून वजा करून काय बदलले ते पाहायचे होते. त्यानंतर सापडलेली २२ मिनिटांची वस्तू जुन्या नोंदी चाळल्यावर थेट १९८८ पर्यंत मागे मिळाली, आणि त्या नोंदींत आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्याही होत्या. तेव्हा या वस्तू पूर्वीही दिसतच होत्या, पण नोंदींना तसा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

कल्याणकर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती आवश्यक वाटते. या सगळ्या वस्तूंना न्यूट्रॉन तारे म्हणणे आता चुकीचेच ठरेल. सप्तर्षींच्या दिशेला असलेल्या एका स्रोतातून १२५.५ मिनिटांनी स्पंद येत होते. त्याच जागी प्रकाशीय दुर्बिणीला एक लाल बटू, म्हणजे लहान आणि मंद, तारा दिसला, आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा नेमक्या त्याच कालावधीने पुढेमागे सरकताना आढळल्या. म्हणजे तो एका न दिसणाऱ्या सोबत्याभोवती फिरत आहे आणि तो सोबती श्वेतबटू आहे, असा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. इथे स्पंदांचा काळ हा परिवलनाचा नसून परिभ्रमणाचा आहे.

याउलट साडेसहा तासांच्या आसपास आवर्तन असलेल्या एका वस्तूत मुख्य स्पंदाबरोबर दुसरा, अर्ध्या फेरीनंतरचा स्पंदही दिसतो. दोन चुंबकीय ध्रुव आळीपाळीने आपल्याकडे वळल्यावर असेच दिसेल, म्हणून तिथे न्यूट्रॉन ताऱ्याकडे कल आहे. ५४ मिनिटांच्या वस्तूबाबत ती शोधणाऱ्यांनी न्यूट्रॉन तारा अधिक संभाव्य मानला आहे, पण श्वेतबटू पूर्णपणे बाद केलेला नाही. मुलीला हे असेच सांगावे, असे माझे मत आहे. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना न सुटलेला प्रश्न न सुटलेला म्हणूनच मिळाला पाहिजे.

मुलुंडकर

तिघांचेही मनापासून आभार. फळ्यावरचे गणित याच आठवड्यात करून घेईन. ४४ मिनिटांच्या एका वस्तूतून क्ष-किरणही आले असे वाचले. त्यामुळे निर्णय सोपा झाला का?

गिरगावकर

उलट अवघड झाला. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने २०२४ साली तो भाग पाहिला तेव्हा क्ष-किरणही त्याच ४४ मिनिटांच्या आवर्तनाने कमीजास्त होत होते, आणि पुढच्या सहा महिन्यांत क्ष-किरण आणि रेडिओ दोन्ही बरेच मंदावले. म्हाताऱ्या मॅग्नेटारकडून इतक्या तेजस्वी रेडिओ स्पंदांची अपेक्षा नसते. श्वेतबटू मानला तर त्याला सोबती हवा आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र आपल्या आकाशगंगेत आजवर मोजलेल्या कोणत्याही श्वेतबटूपेक्षा प्रबळ हवे. क्ष-किरण आणि रेडिओ यांची एकाच वेळी आणखी निरीक्षणे मिळाली, शिवाय आवर्तनकाळ किती वेगाने बदलतो हे मोजता आले, तर या दोहोंपैकी एक पर्याय मागे पडू शकेल.