मदत हवी आहे: पुनर्वसनातला मिश्र पदव्युत्तर अभ्यासक्रम समाजकार्यवालीने करावा का?

काठावरची

नमस्कार मंडळी. मी एका पुनर्वसन विभागात वैद्यकीय समाजकार्यकर्ती आहे. पक्षाघात, मणक्याची इजा, डोक्याला मार, पाय काढावा लागलेले असे रुग्ण आमच्याकडे असतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येईल असा पुनर्वसन विषयातला एक पदव्युत्तर अभ्यासक्रम नजरेत आहे. तो कुठल्याही एका पेशासाठी नाही. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), स्पीच थेरपिस्ट, नर्स, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यवाले सगळे एकाच वर्गात. समाजकार्यातली मास्टर्स माझ्याकडे आहेच, त्यामुळे "आता दुसरी कशाला?" हे घरचेही विचारतात आणि ऑफिसातलेही.

कशाला ते सांगते. दर आठवड्याला आमची केस कॉन्फरन्स होते. एकाच माणसाबद्दल फिजिओचं ध्येय 'काठी घेऊन चालणे', ओटीचं 'शर्ट स्वतः घालणे', आणि माझ्या नावापुढे कायम 'कुटुंबाचे समुपदेशन'. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, मला कामावर परत जायचंय. ते कुणाच्याच रकान्यात बसत नाही, म्हणून 'इतर'मध्ये जातं. डिस्चार्जला फिमचा, म्हणजे रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत किती लागते ते मोजणाऱ्या मोजपट्टीचा, स्कोअर वाढलेला असतो, सगळे खूश. काही महिन्यांनी फोन केला की कळतं, माणूस घराबाहेर पडलेलाच नाही. हे मीटिंगमध्ये मांडायला माझ्याकडे आकडा नसतो, आणि आकडा नसला की ते 'मॅडमचं निरीक्षण' ठरतं.

अभ्यासक्रमात पुनर्वसनाच्या संकल्पना, ध्येयनिश्चिती आणि मोजमाप, संशोधनपद्धती असं सक्तीचं आहे. ऐच्छिकमध्ये न्यूरो किंवा व्यावसायिक पुनर्वसन, शेवटी प्रबंध. शरीरशास्त्र मी शाळेनंतर वाचलेलं नाही, फिजिओंच्या वर्गात निभाव लागेल का? संख्याशास्त्र कितपत येतं? प्रबंध आमच्याच वॉर्डमध्ये करता येईल का? आणि पदवी हातात आल्यावर मी नेमकी कोण होणार? जाणकारांनी सांगावं. "मन लावून करा, सगळं होतं" छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

ओटीवाला

असाच अभ्यासक्रम केलाय, म्हणून बोलतो. शरीरशास्त्राची भीती काढून टाका. स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) म्हणजे काय, मणक्याच्या इजेची ए ते ई श्रेणी कशी वाचायची, डाव्या मेंदूतल्या झटक्यात भाषा का जाते, एवढं सुट्टीत वाचून होतं, आणि वॉर्डात राहून यातलं बरंच तुम्हाला आधीच माहीत असणार.

आमच्या वर्गात अडखळलो ते आम्ही थेरपीवाले. पहिल्याच सत्रात आयसीएफ येतं, माणसाची कार्यक्षमता आणि अपंगत्व यांचं जागतिक आरोग्य संघटनेचं २००१ सालचं वर्गीकरण. त्यात शरीराची कार्यं आणि रचना हा एक भाग झाला. त्यापुढे कृती, सहभाग आणि परिस्थितीजन्य घटक. या शेवटच्या गटात साधनं आणि तंत्रज्ञान, नैसर्गिक व बांधलेला परिसर, आधार आणि नाती, लोकांचे दृष्टिकोन, सेवा-यंत्रणा-धोरणं अशी पाच प्रकरणं आहेत. ताई, हा सगळा तुमचा प्रांत. मी सांध्याचा कोन मोजून आलेलो, 'दृष्टिकोन हा अडथळा' कसा नोंदवायचा हे मला वर्गातल्या समाजकार्यवाल्यांनी शिकवलं.

आता तुमच्या आकड्याकडे. फिममध्ये १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण १८ ते १२६. १३ बाबी हालचालीच्या, ५ आकलनाच्या. आपल्या माणसाला दुसऱ्याची मदत किती लागते, एवढंच तो सांगतो. माणूस घराबाहेर पडतो का, कमावतो का, हे त्यात विचारलेलंच नाही, मग ते दिसणार कुठून? त्याच्या जोडीला हूडास २.० ही प्रश्नावली बघा. तेही जागतिक आरोग्य संघटनेचंच आहे, १२ किंवा ३६ प्रश्नांचं. मागच्या ३० दिवसांत काय अवघड गेलं ते विचारतं, आणि त्याच्या सहा क्षेत्रांपैकी एक थेट सहभागाचं आहे. तुमच्या त्या फोनवर विचारता येण्यासारखं.

'कामावर जायचंय' याच्यासाठी गॅस, म्हणजे गोल अटेनमेंट स्केलिंग. १९६८ पासून आहे. रुग्णासोबत बसून अपेक्षित पातळी शून्यावर ठेवायची, त्याहून बरं झालं तर +१, +२, कमी पडलं तर -१, -२. पाचही पातळ्या आधीच लिहून काढायच्या, नंतर सोयीने नाही! गंमत अशी की 'दिवसातून दोन तास कामाच्या जागी बसणे' शून्यावर लिहिलं की फिजिओला आपोआप विचारावं लागतं, तिथे पायऱ्या किती? तुमचे वेगवेगळे रकाने इथे एका ओळीत येतात. या अभ्यासक्रमाचं मला पटलेलं सार एवढंच आहे, बाकी वाचन घरीही होतं.

रोखठोक

मी नर्स आहे. मला जे कुणी आधी सांगितलं नाही ते सांगते. या पदवीने तुम्ही थेरपिस्ट होत नाही. रुग्णावर नवीन काही करायचा परवाना मिळत नाही. आत जाताना तुमची जी नोंदणी असते, तीच बाहेर येताना असते. तुमच्या आस्थापनेत टीम समन्वयक किंवा केस मॅनेजर अशी पदं आहेत का, आणि त्यांच्या नियमांत ही पदवी धरली जाते का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी होकार नको.

माहितीपत्रकांत हमखास लिहिलेलं असतं की जगात २४० कोटी लोकांना पुनर्वसनाचा फायदा होऊ शकतो, २०१७ मध्ये 'रिहॅबिलिटेशन २०३०' सुरू झालं, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला. सगळं खरं आहे. पण जगाला गरज आहे म्हणून तुमच्या खात्यात जागा निघत नाही.

आणि सगळंच एकदम अंगावर घेऊ नका. ब्रिटिश पद्धतीच्या मास्टर्समध्ये १८० क्रेडिट असतात, एका क्रेडिटला साधारण १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे १८०० तास. वाचनासकट. बऱ्याच ठिकाणी ६० क्रेडिटवर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका घेऊन थांबता येतं. ध्येयनिश्चिती-मोजमापाचा विषय पहिल्या साठांत बसत असेल तर तेवढं करा, मग पुढचं बघा. माझ्या मते तुम्हाला तेवढंच पुरेल.

सरासरी

वरच्या शेवटच्या वाक्याशी असहमत, कारण ६० क्रेडिटमध्ये संशोधनपद्धती बहुधा सुटते, आणि धागाकर्तीची खरी अडचण तीच आहे. मी हा विषय शिकवतो.

संख्याशास्त्र हाताने करायचं नसतं, वाचता यावं लागतं. ॲव्हर्ट चाचणी घ्या, निकाल २०१५ चे. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ रुग्णाला अंथरुणाबाहेर काढलं तर? पाच देशांतले २१०४ रुग्ण. लवकर उठवलेलं बरं, हे सगळ्यांना पाठ होतं. तीन महिन्यांनी चांगली स्थिती होती जास्त उठवलेल्यांत ४६ टक्के आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांत ५० टक्के. "म्हणजे रुग्णाला झोपवून ठेवा" असा अर्थ काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तसं नाही. नेहमीच्या सेवेतही बहुतेकांना पहिल्या दिवसाच्या आसपास उठवलंच होतं. प्रश्न मात्रेचा होता. दोन गटांत नेमकं काय वेगळं झालं, हे विचारायची सवय लागली की संशोधनपद्धतीचा निम्मा विषय झाला.

दुसरं, फिमचे गुण क्रमवार आहेत. २० चे ३० होणं आणि ९० चे १०० होणं हे सारखं नाही, तरी सर्रास सरासरी काढतात. तुमच्या मीटिंगमध्ये हे एकदा विचारून बघाच.

प्रबंध: स्वतःच्या रुग्णांच्या मुलाखती शक्यतो टाळा. त्यांची कागदपत्रं आणि डिस्चार्ज तुमच्या हातून जातात, ते तुम्हाला 'नाही' कसं म्हणणार? नीतिसमिती पहिला प्रश्न हाच विचारते, आणि मंजुरीला महिने जातात. त्यापेक्षा केस कॉन्फरन्सच्या जुन्या नोंदी घ्या. रुग्णाच्या शब्दांतलं ध्येय किती नोंदींत उतरलंय, आणि कुणाच्या रकान्यात. नावं काढून टाकली तरी मंजुरी लागतेच, पण काम आवाक्यातलं आहे.

काठावरची

सगळ्यांचे आभार. जुन्या नोंदींची कल्पना फार आवडली. आणि त्या 'इतर'ची मोजणी करायला मला मनापासून मजा येईल :)

रोखठोक, पदांच्या नियमांबद्दल उद्याच पत्र देते. पद नाही निघालं तरी संशोधनपद्धतीपर्यंत जायचं असं आता वाटतंय.

एक प्रश्न राहिला. हूडास काय, गॅस काय, सगळं बोलणाऱ्या माणसासाठी. आमच्याकडे ॲफेजियाचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा गेलेले, रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या वतीने बायको किंवा मुलगा उत्तर देतो. ते चालतं का?

बोलकी_शांतता

स्पीच थेरपिस्ट. हूडासची प्रतिनिधीने भरायची आवृत्ती आहे, त्यामुळे नियमाने चालतं. पण मुलाने दिलेलं उत्तर हे मुलाचं उत्तर, तसंच नोंदवा. घरचे बहुधा सुरक्षिततेची ध्येयं सांगतात, पडू नये, एकटं जाऊ नये. माणसाला बाहेर पडायचं असतं.

ॲफेजिया म्हणजे बुद्धी गेली असं नाही. चित्रं ठेवून विचारा. टॉकिंग मॅट्स ही पद्धत त्यासाठीच आहे, चित्र 'हवंय', 'नकोय' किंवा 'ठरत नाही' यांपैकी एका बाजूला ठेवायचं. एका वेळी एक प्रश्न, कागदावर ठळक शब्द, मग उलटा प्रश्न विचारून पडताळा. दोन्हींना मान हलली तर उत्तर मिळालेलं नाही, दुसऱ्या दिवशी परत विचारा. वेळ जास्त लागतो, त्यामुळे तुमच्या थेरपिस्टला सोबत बसवा.

सरासरींच्या कल्पनेला एक जोड: नोंदी चाळताना ॲफेजिया असलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. संशोधनात त्यांना 'संमती घेता येत नाही' म्हणून फार सहज वगळतात. आणि अर्जासोबतच्या हेतुपत्रात पहिल्या पोस्टमधला 'इतर'वाला परिच्छेद जवळजवळ तसाच लिहा. अर्ज वाचणाऱ्यांना पुनर्वसनाची व्याख्या पाठ असते, ती परत लिहून जागा घालवू नका.